सभेत उभे राहण्याबाबत खुलासा

३ मार्च

चि. भिंगरी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या सभेच्या पत्रकाचा मार्चचा अंक काल हाती आला. त्यातील ‘राजधानीतील संयुक्त प्रार्थनासभा’ हा वृत्तान्त तू लिहिला आहेस, हे खाली नाव नसतानाही पहिल्याच परिच्छेदात ओळखले. एका वाक्यात तीन वेळा ‘खूप’ लिहिणारी आपल्या घराण्यात दुसरी कोणी नाही. वृत्तान्त वाचनीय आहे. तो खरा मात्र नाही.

तू लिहितेस : ‘बारा वर्षे चाललेले परदेशातील युद्ध थांबवण्यात यावे आणि आपले सैनिक परत आणावेत, या निवेदनाचे वाचन संपताच सर्वांत आधी उभे राहिले ते माझे मामा. ज्यांचा एकुलता एक मुलगा आज त्या आघाडीवर आहे, त्यांनीच पहिला पाठिंबा दिला, आणि मग सारी सभा त्यांच्यामागे उभी राहिली.’

मी उभा राहिलो, हे खरे. मी विरोध नोंदवण्यासाठी उभा राहिलो होतो.

आमच्या प्रार्थनागृहात निवेदन वाचून झाले की सर्व जण डोळे मिटून स्वस्थ बसतात. ज्याला ते मान्य असेल तो बसून राहतो. ज्याच्या मनाला ते पटत नसेल तो उठतो. त्याला कारण विचारायचे नाही, आणि एक जरी माणूस उठला तरी निवेदन बाजूला ठेवायचे, अशी माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे. ती राजधानीत नेमकी उलटी असेल, अशी शंकाही मला शिवली नाही. म्हणून मी उठलो. शेजारच्या, केस पिकलेल्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटले, इथले लोक विरोधकालाही किती मायेने वागवतात. मग दुसरा उठला, तिसरी उठली, आणि पाहता पाहता सगळे सभागृह उभे राहिले. निवेदन साफ फेटाळले गेले असे समजून मला तुझीच दया आली. पुढे चहाच्या वेळी तू हसत होतीस. मनात म्हटले, पोरगी पराभव पचवायला शिकली. तुझी पाठ थोपटली, ती त्यासाठी.

तरी पुढील अंकात खुलासा छापावा. चाळीस वर्षे न्यायालयात लघुलेखक म्हणून इतरांची विधाने जशीच्या तशी उतरवून घेतली. न केलेले विधान स्वतःच्या नावावर मिरवणे मला जमणार नाही.

प्रकृती बरी आहे. सूनबाई ठीक. चिरंजीवांचे पत्र आले. चार ओळींचे, नेहमीप्रमाणे.

तुझा
मामा


१० मार्च

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र कार्यशाळेत, जेवणाच्या सुट्टीत उघडलं. आधी एवढी हसले की शेजारच्या टेबलावर कृत्रिम पायांचे गुडघे जोडत बसलेला आमचा कारागीर विचारायला लागला, ‘काय, लग्न ठरलं की काय?’ मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू आपोआप थांबलं.

मामा, निवेदन गेलं आहे. तुम्ही उठलात त्याच आठवड्यात ते संसदेच्या समितीकडे पोचलं. बावीस एप्रिलला आमचं म्हणणं ऐकून घेणार आहेत. बारा वर्षांत पहिल्यांदा. आत्तापर्यंत आम्ही नुसते त्यांच्या फाटकाबाहेर प्रार्थना म्हणत उभे असायचो, आणि पहारेकरी आम्हाला पाऊस आला की छत्री द्यायचा, एवढीच काय ती सरकारी दखल.

तुमचं पत्र घेऊन मी बाईंकडे गेले. बाई म्हणजे आमच्या सभेच्या प्रमुख, ज्यांनी तुमचा हात धरला त्याच. आयुष्यभर सुईणीचं काम केलं त्यांनी, त्यामुळे कशानेच घाबरत नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, ‘चूक आपली. पाहुण्याला रीत आधी सांगायला हवी होती.’ मी म्हटलं, आता काय करायचं? तर म्हणाल्या, ‘ज्याचं मन नाही त्याचं नाव घेऊन देवापुढे उभं राहता येत नाही. मग त्या समितीपुढे कसं राहायचं? तो माणूस नाही म्हणत असेल, तर निवेदन परत घ्यायचं.’

पुढचा अंक पंधरा एप्रिलला छापायला जातो. त्यात तुमचा खुलासा येईल आणि सुनावणीआधी आम्ही निवेदन मागे घेऊ. मग पुन्हा कधी बोलावतील, ते देव जाणे.

तुम्ही गप्प बसा असं मी म्हणणार नाही. तुम्ही बसणारही नाही. फक्त एवढंच सांगा, का उठलात?

तुमची
भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

विरोधाचे कारण विचारू नये, ही रीत मागील पत्रात सांगितलीच आहे. तरी तू भाची आहेस आणि लहानपणापासून हट्टी आहेस, म्हणून सांगतो.

निवेदनाची भाषा सदोष आहे. ‘युद्ध थांबवण्यात यावे’ म्हणजे कोणी थांबवावे? न्यायालयात असे बोलणारे साक्षीदार सहसा कोणाला तरी पाठीशी घालत असत. ‘शांतता गरजेची आहे’ हे वाक्य वाचून पिशवी घेऊन बाजारात निघावेसे वाटते. तिसऱ्या परिच्छेदात ‘या निरर्थक युद्धात’ असे म्हटले आहे. तेथील विशेषण अनावश्यक आहे, ते काढावे. एवढीच कारणे आहेत. अन्य कोणतेही कारण नाही.

बाकी येथील हालहवाल अशी. दर रविवारी प्रार्थनेच्या शेवटी, जे संकटात आहेत त्यांची नावे घेतली जातात. चिरंजीवांचे नाव मी घेतो. मोठ्याने, स्पष्ट, जोडाक्षरासह. त्याची नेमणूक आजवर दोनदा वाढली आहे. तिसऱ्यांदा काय होते ते पाहायचे.

सूनबाई दर गुरुवारी संध्याकाळी शिवणवर्गाला जातात. वर्ग हिवाळ्याच्या आधीपासून चालू आहे. घरात अद्याप उशीचा एक अभ्राही शिवून आलेला नाही. मी विचारले, तर म्हणाल्या, ‘अजून पाया पक्का करून घेतायत, बाबा.’ शिक्षिका काटेकोर असावी. मला आनंद आहे.

तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचे म्हणणे योग्य आहे.

तुझा
मामा


२७ मार्च

ती. मामांना नमस्कार.

आमच्याकडच्या प्रतीत ‘थांबवण्यात यावे’चं ‘सरकारने थांबवावे’ केलं. शांतता बाजारातून परत आणली. ‘निरर्थक’ मात्र काढलं नाही, कारण तो शब्द मी घातलाय आणि मला तो हवाय. सांगते का.

पाय बसवायचा असला की आधी राहिलेल्या भागाचा साचा घ्यावा लागतो. ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि सुकेपर्यंत माणसाने हलायचं नाही. मग माणसं बोलतात. दुसरं करणार काय? मागच्या महिन्यात एक चालक आला होता, लष्कराची मालमोटार चालवायचा. त्याच्या गावच्या सभेत दर रविवारी त्याचं नाव घेत होते म्हणे. ‘बरं वाटलं ऐकून,’ म्हणाला. ‘पण माझी गाडी उडाली ना, तेव्हा रस्त्याच्या कडेला एक म्हातारा होता तिथला. विहिरीवर निघाला असेल, हातात बादली होती. त्यानं आपल्या डोक्याचं कापड सोडून माझा पाय बांधला. नाहीतर मी गेलोच होतो. त्याचं नाव कोण घेतं तुमच्यात?’

मी विचारलं, काय नाव त्याचं?

‘तेच तर. मला कुठं ठाऊक आहे?’

दुसऱ्या दिवशी त्या गावावर आपल्याच विमानांनी मारा केला, हे त्याला दवाखान्यात कळलं. तेव्हापासून ‘सर्वांचं रक्षण कर’ म्हणताना माझी जीभ अडखळते, मामा. सर्वांत तो म्हातारा येतो की नाही? येत असेल, तर आपण तोंडाने त्याचं रक्षण मागतोय आणि हाताने विमानं पाठवतोय. ह्याला मी दुसरा कुठला शब्द वापरू?

आणि तुम्ही काही क्रियापदासाठी उठला नाहीत. मला वाटतं तुम्ही घाबरलात. बापाचं नाव वर कळलं तर दादाला त्रास देतील, बढती अडवतील, असंच ना? मी एका वकिलांना विचारलं. घरच्यांनी प्रार्थनासभेत काय करावं, ह्यावर सैन्याचा काही हक्क नाही. कुणी त्याला हात लावणार नाही.

खुलासा मी स्वतः जुळवतेय, बाईंनी शब्द न शब्द छापायला सांगितलाय. निवेदनात सामील झालेल्या सोळा गावांच्या सभांना कळवायचं पत्रही मलाच लिहायचंय. कालपासून तीनदा सुरू केलं. खूप, खूप, खूप वाईट वाटतंय. हे मुद्दाम तीनदा लिहिलं. पण तुमच्यावर राग नाही, तेवढं मनात आणू नका. खोटं छापून जिंकायचं असतं, तर आम्ही प्रार्थना कशाला केली असती?

तुमची
भिंगरी


४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

हे पत्र बाबांना, म्हणजे तुझ्या मामांना न दाखवता टाकतेय. त्यामुळे चुका तशाच आहेत, सांभाळून घे.

आधी कबुली. शिवणवर्ग वगैरे काही नाही. मला साधं बटण लावता येत नाही. तुझ्या दादाची नेमणूक दुसऱ्यांदा वाढली, त्याच आठवड्यापासून आम्ही सहासात जणी दर गुरुवारी टपाल कचेरीसमोरच्या कोपऱ्यावर तासभर उभ्या राहतो. बोलायचं नाही, घोषणा नाहीत. मनातल्या मनात प्रार्थना आणि हातात फलक. माझ्या फलकावर लिहिलंय, ‘आमची माणसं परत आणा. त्यांची माणसं मारू नका.’

काल बाबा तिकिटं घ्यायला आले. नेहमी सकाळी जातात, काल कसे कोण जाणे संध्याकाळी आले. बाहेर पडले आणि समोर मी.

रस्ता ओलांडून आले. फलक वाचला. त्यात एक वेलांटी चुकलीय, मला रंगवून झाल्यावर कळलं होतं. ती त्यांना दिसली. त्यांना दिसली हे मला दिसलं. मी नुसती वाट बघत राहिले. भिंगरी, त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि वेळ संपेपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले.

घरी येताना म्हणाले, ‘शिक्षिका बरी दिसते.’

‘रागावलात?’

‘खोटं का सांगितलंस?’

‘खरं सांगितलं असतं तर तुम्ही उठला असतात.’

पाववाल्याचं दुकान आलं. मग तिथेच, लोक येत-जात असताना, थांबले आणि म्हणाले, ‘भिंगरी त्या युद्धाला निरर्थक म्हणते. माझा मुलगा त्यात आहे. तो जे करतोय ते सगळं फुकट, असं मी देवापुढे बसून मान्य करायचं? त्यानं हे ऐकलं तर त्याला काय वाटेल?’

मी विचारलं, ‘तुम्हाला तो काय लिहितो?’

‘काम महत्त्वाचे आहे. सर्व ठीक आहे. काळजी नसावी.’

‘बाबा, तुम्ही त्याची पत्रं पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवता. म्हणून तो तुम्हाला फक्त तेवढंच लिहितो, ज्यात चूक निघणार नाही.’

असं बोलायला नको होतं का गं? पण तोंडातून गेलं. मग म्हटलं, आता गेलंच आहे तर पुढचंही जाऊ दे. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून तो फोनवर माझ्याशीच बोलतो. मागच्या वेळी काय म्हणाला ते सांगितलं. ‘तिकडं कुणाच्या लक्षात तरी आहे का गं, आम्ही अजून इथंच आहोत ते?’

बाबा म्हणाले, ‘नेमके शब्द सांग.’

मी पुन्हा सांगितलं.

‘आणखी एकदा.’

तिसऱ्यांदा सांगताना मला रडू आलं, पाववाल्यानं न विचारता पाणी आणून दिलं. घरी आल्यावर बाबांनी स्वतः चहा केला. इतका वाईट चहा मी जन्मात प्यायले नव्हते. दोघांनी सगळा संपवला.

आज सकाळपासून तुमच्या निवेदनाची प्रत टेबलावर घेऊन बसलेत. हातात पेन्सिल नाही. मला भीती वाटतेय की बरं वाटतंय, तेच कळत नाही.

तुझी
वहिनी


७ एप्रिल

चि. भिंगरी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

सूनबाईंनी तुला पत्र पाठवले आहे, हे तिकिटांच्या संख्येवरून कळले. त्यांनी काय लिहिले असेल याचा अंदाज आहे. ते खरे असणार. त्या माझ्याशी खोटे बोलल्या, त्यातही नेमकेपणा होता.

तुझा तर्क मात्र चुकला. वरिष्ठांची मला भीती नव्हती. युद्धाला नावे ठेवली की तेथे राबणाऱ्या माझ्या मुलाला नावे ठेवली, असे मी धरून चाललो होतो. त्याच्या बाजूने कोणीतरी उठले पाहिजे, आणि तेथे मीच होतो, म्हणून उठलो. त्याची बाजू मी त्याच्या चार ओळींवरून ठरवली होती. ती बाजू त्याची नव्हती, हे गुरुवारी पाववाल्याच्या दुकानासमोर समजले. तो सन्मान मागत नाही. आपण येथे कोणाच्या लक्षात आहोत का, एवढेच विचारतो आहे.

काल रविवारच्या सभेत निवेदन मीच वाचून दाखवले, ‘निरर्थक’ या शब्दासह. तो शब्द पाणी पिऊन पुन्हा वाचला. मग कागद मिटला आणि इतरांसारखा डोळे मिटून बसलो. आजवर कितीतरी निवेदनांना मी बसून संमती दिली. बसून राहण्याला इतका जोर लागतो, हे ठाऊक नव्हते. मागच्या बाकावर पाववाल्याने उसासा टाकला तेव्हा वाटले, उठला. उठला नव्हता. कोणीही उठले नाही. सूनबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांचा हात माझ्या बाहीवर होता, बहुधा मी उठलो तर ओढून बसवण्यासाठी.

शेवटी नावे घेतली. चिरंजीवांचे नाव घेतले. त्यानंतर तुझ्या त्या बादलीवाल्या वृद्धाचे नाव घ्यायचे होते. ते कोणालाच ठाऊक नसल्यामुळे, ‘ज्याने आमच्या चालकाचा पाय बांधला तो, आणि त्याच्या गावातील सर्व’ असे म्हटले. सभेत कोणाला ते खटकले नाही. पुढच्या रविवारपासून रोज असेच म्हणायचे ठरले आहे. (‘रोज’ नव्हे, ‘दर रविवारी’. घाईत लिहिले, खाडाखोड केलेली नाही, तशीच वाच.)

आता कामाचे. माझी संमती मिळाली असल्याने निवेदन मागे घेण्याचे कारण उरत नाही, असे मला वाटते. निर्णय तुमच्या बाईंचा. छापायचे असेल तर दोन्ही छापावे : मी विरोध केला, हेही, आणि नंतर बसलो, हेही. पहिले गाळून दुसरे छापल्यास मी पुन्हा पत्र पाठवीन, हे तुला सांगायला नको.

समितीपुढे मुलाच्या बापाने बोललेले चालत असेल, तर मी येईन. भाषण तयार करणार नाही. तो फोनवर जे बोलला ते त्याच्या शब्दांत सांगेन; इतरांचे बोलणे जसेच्या तसे सांगणे मला जमते. सूनबाईही येतील. त्या फलक सोबत आणतील. वेलांटी मी पाहिली आहे. ती राहू दे.

चिरंजीवांना काल रात्री पत्र लिहिले. त्याचे शेवटचे पत्र या वेळी परत पाठवले नाही. माझ्याजवळ ठेवले आहे, असे त्याला कळवले. आणखी एक वाक्य लिहिले, ते त्याचे आहे, तुला सांगत नाही.

वृत्तान्तातील तारखा सोबत दुरुस्त करून देत आहे. अंक छापायला जाण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

तुझा
मामा

संयुक्त प्रार्थनासभा : पत्रकात १७ फेब्रुवारी छापले आहे. १६ फेब्रुवारी हवे. त्या दिवशी रविवार होता.

युद्धाचा आरंभ : पत्रकात ‘बारा वर्षांपूर्वी, वसंतात’. आपल्या सैन्याची पहिली तुकडी त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला निघाली. तेव्हा चिरंजीव शाळेत होते.

माझा पाठिंबा : पत्रकात १७ फेब्रुवारी. वस्तुतः १६ फेब्रुवारीस विरोध. संमती ६ एप्रिल.

टपाल कचेरीसमोरील मूक प्रार्थना : पत्रकात उल्लेख नाही. गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारपासून, न चुकता. उल्लेख करावा.

चिरंजीवांचे परत येणे : पत्रकात ‘येत्या जूनमध्ये’ असे छापले आहे. ही तारीख आम्हाला कोणीही दिलेली नाही. ती खोडावी आणि तेथे जागा मोकळी ठेवावी.